माझा पैसा, माझं फुप्फुस... आणि दोर कुणाचा?

आमच्याकडे एक वाक्य आहे. पानठेल्यावर, एसटीच्या थांब्यावर, लग्नाच्या मांडवामागे, कुठेही ऐकू येतं. "मी माह्या पैशानं खातो, तुह्या बापाचं काय जाते?" वऱ्हाडीत आहे म्हणून जरा दणदणीत वाटतं, एवढंच. पुण्या-मुंबईत हेच वाक्य इस्त्री करून वापरतात. "ही माझी वैयक्तिक बाब आहे. माझं शरीर आहे, मी बघून घेईन." खर्रा खाणारा असो, बिडी ओढणारा असो, महागड्या सिगारेटचं पाकीट बाळगणारा असो, शनिवारी रात्री 'बसणारा' असो नाहीतर गोव्याला जाऊन गांजाची मजा घेऊन येणारा असो, सगळ्यांचं वकीलपत्र या एकाच वाक्याकडे.

या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे. आज ते मला जरा विचित्र जागी नेऊन भांडायचं आहे. पाण्याखाली!

तुम्ही म्हणाल, रोहिणखेडचा माणूस आणि पाण्याखालच्या गप्पा? कुठे मोताळा तालुका आणि कुठे समुद्र! खरं आहे. आमच्याकडे पाणी म्हणजे नळगंगा आणि विहिरी. समुद्र आम्ही सिनेमात पाहिला, नाहीतर मुंबईला कुणाला भरती केलं म्हणून गेलो तेव्हा. पण हल्ली दिवाळीच्या सुट्ट्यांत आमच्या भागातूनही गाड्या भरून लोक मालवण-तारकर्लीला जातात. सिंधुदुर्ग किल्ला बघायचा, मासे खायचे (ज्यांना चालतात त्यांनी) आणि 'स्कूबा' करायचं. पाठीला हवेची टाकी, तोंडात नळी, डोळ्यांना काच, आणि पाण्याखाली माशांसोबत काढलेला फोटो. तो फोटो गावभर फिरला की सहल सुफळ संपूर्ण.

पण विहिरीपासून सुरुवात करू. ती आपल्या घरची.

आमच्या पिढीतली सगळी पोरं विहिरीत पोहायला शिकली. पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि काकाने वरून ढकलून द्यायचं, ही शिकवणी. पुढे मुटके, सूर, आणि मग खरी परीक्षा म्हणजे तळ आणणे. पावसाळ्यानंतर विहीर तुडुंब असताना खाली बुडी मारायची आणि मुठीत गाळ घेऊन वर यायचं. ज्याच्या मुठीत गाळ तो शहाणा. यात जोखीम होती, पण ती ज्याची त्याची होती असं म्हणता येईल.

उन्हाळ्यात मात्र त्याच विहिरीत वेगळंच काम असतं. पाणी आटलं की गाळ काढायचा. तेव्हा कुणीतरी दोराला धरून खाली उतरतं आणि कुणीतरी तो दोर वर धरून उभं असतं. इथे 'माझं मी बघून घेईन' हे वाक्य संपतं. खाली उतरलेला स्वतःचं काहीच बघून घेऊ शकत नाही. त्याचं सगळं वरचा बघतो. तो वरचा सकाळीच दोन घोट लावून आलेला असेल तर? दोराच्या हिसक्याकडे लक्ष ठेवायचं सोडून पुडी फोडायला, तंबाखू मळायला त्याने दोर पायाखाली दाबला असेल तर? गावात विचारून बघा, दारू प्यायलेल्या माणसाच्या हातात दोर देऊन कुणी शहाणा विहिरीत उतरत नाही. म्हणजे व्यसन खासगी नसतं हे गावाला पक्कं माहीत आहे. फक्त ते विहिरीच्या काठावर आठवतं आणि पानठेल्यावर विसरतं.

स्कूबाची गोष्ट नेमकी हीच आहे. तिथे माणूस एकटा उतरत नाही. शिकलेले पाणबुडे जोडीने उतरतात, आणि मालवणला हौशी पर्यटकाची टाकी मागून धरून एक प्रशिक्षक त्याच्यासोबत असतो. जोडीतल्या एकाची हवा संपली तर दुसऱ्याने आपल्या टाकीवरची जादा नळी त्याच्या तोंडात द्यायची, हा नियम आहे. म्हणजे तुमच्या टाकीत किती हवा उरली हा तुमचा एकट्याचा प्रश्नच नाही. तुम्ही घाबरलात, धाप लागली, हवा भराभर संपवली, तर तुम्ही जोडीदाराचीही हवा संपवताय. पाण्याखाली घाबरलेला माणूस समोरच्याची काच ओढतो, नळी ओढतो, त्याला धरून वर पळायला बघतो. बुडणारा वाचवणाऱ्यालाही घेऊन बुडतो, हे आमच्या विहिरीला माहीत आहे तेवढंच समुद्रालाही.

आता थोडं शास्त्र. घाबरू नका, शाळेच्या पुस्तकापलीकडचं नाही.

पाण्यात दर १० मीटरला, म्हणजे ३३ फुटांना, एका वातावरणाइतका दाब वाढतो. जमिनीवर एक, ३३ फुटांवर दोन, ६६ फुटांवर तीन. दाब दुप्पट झाला की तीच हवा निम्म्या जागेत मावते. ३० फूट पाण्याच्या विहिरीत तळ आणायला जाणारा पोरगा छातीत चार लिटर हवा घेऊन गेला, तर तळाशी ती दोन लिटरच्या आसपास होते. वर आला की पुन्हा चार लिटर. नेली तेवढीच परत आणली. हिशेब बरोबर.

टाकीवाल्याचा हिशेब वेगळा आहे. तो खाली, त्या दाबातच, छातीभर श्वास घेतो. ३३ फुटांवर चार लिटर हवा आत घेतली तर वर येईपर्यंत ती आठ लिटर व्हायला बघते. छाती तर चारचीच! म्हणून स्कूबाचा पहिला धडा: श्वास कधीही रोखायचा नाही, वर येताना हवा सोडत राहायचं. हे न पाळता, भरलेली छाती बंद ठेवून चार-पाच फूट वर आलं तरी फुप्फुस फाटू शकतं. मग हवेचा बुडबुडा रक्तात शिरतो आणि थेट मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

आता यात बिडी-सिगारेट कुठे आली? इथेच तर आली. आपल्या श्वासनळ्यांच्या आतून अगदी बारीक केसांचं अस्तर असतं. ते दिवसरात्र झाडू मारून कफ आणि कचरा वर ढकलतं. धूर या झाडूवाल्यांना लुळं करतो. कफ साठतो, बारीक नळ्या बुजतात, आणि त्यांच्यामागच्या कप्प्यांत हवा अडकून पडते. ओढणारा माणूस वर येताना अगदी नियमाप्रमाणे श्वास सोडत असतो हो, पण त्या बंद कप्प्याने सोडलेला नसतो. कप्पा फुगत राहतो. आणि हे त्याला स्वतःला कळत नाही. जमिनीवर तर तो ठणठणीत असतो. "मले काई होत नाई" हे त्याचं म्हणणं जमिनीपुरतं खोटंही नसतं.

दुसरी गोष्ट रक्ताची. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. ऑक्सिजन वाहून नेणारं आपलं हिमोग्लोबिन या वायूला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीने चिकटतं. नियमित ओढणाऱ्याच्या हिमोग्लोबिनचा काही टक्के भाग कायमच असा अडवलेला असतो. एसटीत रुमाल टाकून धरलेल्या जागा असतात ना, तशा. गाडी भरलेली दिसते, पण प्रवासी नाहीत. त्यात निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं आणि हृदयाला पळवतं. म्हणजे थंड पाण्यात, ओझं घेऊन, पाय मारत असताना हृदयाला काम जास्त आणि माल कमी.

पाणबुड्यांचा सगळ्यात कुप्रसिद्ध आजार म्हणजे दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन वर येताना बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडणे. सांधे धरतात, अंग बधिर होतं, कधी पाय जातात. अशा आजारी पाणबुड्यांच्या जुन्या नोंदी तपासून २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात फार ओढणाऱ्यांची लक्षणं न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त गंभीर दिसली. यावर वेगळं भाष्य करायची गरज नाही.

आता या कार्बन मोनॉक्साइडवरून पुन्हा विहिरीवर येतो, कारण हा वायू आमच्या ओळखीचा आहे. विहिरीतलं पाणी उपसायला इंजिन खाली उतरवतात. ते चालतं, धूर विहिरीतच कोंडतो, इंजिन बंद पडतं, आणि ते बघायला कुणीतरी उतरतं. तो वर येत नाही म्हणून दुसरा उतरतो. मग तिसरा. अशा बातम्या महाराष्ट्रात दर काही वर्षांनी वाचायला मिळतात, आणि मरणारे बहुतेक वेळा एकाच घरातले असतात. जुनी माणसं आधी कंदील सोडून बघायची. विझला तर उतरायचं नाही. पद्धत चांगलीच, पण कंदील फक्त ऑक्सिजन आहे की नाही ते सांगतो. कार्बन मोनॉक्साइड असला तरी कंदील बापडा जळत राहतो. स्कूबाच्या टाकीत हवा भरणाऱ्या यंत्राजवळ इंजिनाचा धूर येऊ नये म्हणून एवढी काळजी घेतात ती याच वायूपायी. आणि हाच वायू आपण दोन बोटांत धरून, पैसे देऊन, दिवसातून वीस वेळा ओढतो! विहिरीतल्या धुराने माणूस गेला की गाव हळहळतं, पंचनामा होतो. तोच वायू थोडा थोडा घेतला की ती वैयक्तिक बाब.

बरं, हे झालं ओढणाऱ्यांचं. इथवर वाचून आमच्या गावातले निम्मे लोक खूश झाले असतील. कारण ते ओढत नाहीत. ते खातात.

महाराष्ट्राचा खरा घोळ इथे आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेणारे निघाले. त्यात ओढणारे फक्त ३.८ टक्के. तंबाखू खाणारे, लावणारे, दाढेत धरणारे २४.४ टक्के. आपलं राज्य धुराचं नाही, थुंकीचं आहे. आणि तंबाखूविरुद्धचं आपलं सगळं बोलणं मात्र धुराचं. सिनेमात हिरोने सिगारेट पेटवली की खाली सूचना येते. सूचना वाचणाऱ्याच्या गालात तेव्हा काय असतं?

स्कूबाचा फॉर्मही तसलाच. जगभरच्या स्कूबा शिक्षणसंस्था वापरतात तो तब्येतीच्या प्रश्नांचा फॉर्म २०२० साली नव्याने केला गेला. त्यात आधी विचारतात, वय ४५ च्या वर आहे का? 'हो' म्हटलं तरच पुढचा प्रश्न: तुम्ही सध्या धूम्रपान करता का, किंवा आणखी कुठल्या मार्गाने निकोटीन श्वासावाटे घेता का? आमचा तंबाखू मळणारा माणूस याला अगदी प्रामाणिकपणे 'नाही' असं उत्तर देईल. श्वासावाटे? छे हो! दाढेवाटे. आणि पस्तिशीतल्या, दिवसाला दोन पाकिटं संपवणाऱ्याला हा प्रश्न लागूच नाही. फॉर्म करणारे मूर्ख आहेत असं मला म्हणायचं नाही. त्यांनी त्यांच्या देशातली माणसं डोळ्यांसमोर ठेवली. आपल्या लोकांना डोळ्यांसमोर ठेवून प्रश्न विचारायचं काम आपलं होतं. ते आपण केलं नाही.

आपण काय केलं ते मालवणला बघितलं. घरच्यांबरोबर गेलो होतो. एका स्कूबावाल्याकडे (नाव कशाला घ्या, एकालाच झोडपून काय होणार) एक पानी इंग्रजी कागद हातात दिला. आमच्यातल्या एकाने "यात काय लिहायचं?" असं विचारल्यावर टेबलामागच्या मुलाने मान वर न करता सांगितलं, "सगळीकडे नो लिहा आणि खाली सही करा." दम्याला नो, हृदयविकाराला नो, औषधांना नो. आमच्यासोबतच्या जावईबापूंच्या गालात त्या क्षणीसुद्धा बार होता. त्यांना कुणी विचारलं नाही, त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बोटीवर टाक्यांपासून चार हातांवर एकजण निवांत सिगारेट ओढत बसला होता. आदल्या रात्री कोण कितीला झोपलं, कशाच्या अमलाखाली झोपलं, याची चौकशी तर सोडूनच द्या.

खाणाऱ्याला पाण्याखाली काय होणार, असं विचाराल तर ऐका. धूर नाही म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नाही, हे मान्य. पण निकोटीन तेच. गालातून रक्तात जातं, रक्तवाहिन्या आवळतं, हृदय पळवतं. आणि खर्रा-गुटख्यातल्या सुपारीचं काम आणखी वेगळं. वर्षानुवर्षं सुपारी चघळून गालाचं आतलं कातडं आवळत जातं, ताठरतं. मग तोंड उघडत नाही. दाताच्या डॉक्टरकडे गेलं की ते तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगतात. कित्येकांची दोनच जातात, काहींचं एक. तिखट लागलं की आग होते. आता विचार करा: स्कूबाची नळी हाताने धरायची नसते. तिचं रबरी तोंड दातांनी पकडायचं आणि ओठांनी आवळून धरायचं असतं. तोच तुमचा जीव. ज्याचं तोंडच पुरतं उघडत नाही, ज्याच्या गालाला मिठाचं पाणी झोंबतं, त्याने ती नळी कशी धरावी, आणि निसटली तर पाण्याखाली पुन्हा तोंडात कशी घालावी? हा प्रश्न जगातल्या कुठल्याही फॉर्मवर नाही. तो विदर्भाने विचारायला हवा, कारण ती तोंडं आमच्याकडे आहेत.

दारूचं फार सांगत बसत नाही, कारण तिथे कुणी निदान शहाजोगपणा करत नाही. रात्रीची सकाळी उतरली असं वाटतं, पण अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, पोट ढवळत असतं, आणि कोरड्या अंगाला नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा त्रास जास्त होतो असं पाणबुड्यांचे डॉक्टर सांगतात. १०० फुटांच्या आसपास आणि त्याखाली नायट्रोजन स्वतःच नशा आणतो. माणूस पिल्यासारखा हसतो, घड्याळ बघतो पण वाचत नाही. मालवणचा पर्यटक तिथवर जात नाही, पण शिकून पुढे गोव्याला, नेत्राणीला, अंदमानला जाणारे आपले लोक हल्ली बरेच आहेत. त्यांनी एका नशेवर दुसरी नशा चढवायची की नाही ते ठरवावं. गांजाचंही तेच. हृदय धडधडायला लागतं, वेळेचा अंदाज चुकतो, आणि उगीच भीती दाटते. जमिनीवर अशी भीती वाटली तर माणूस भिंतीला टेकून बसतो. ४० फुटांवर भिंत नसते. तिथे तो वर पळतो, आणि श्वास रोखून पळतो.

आणि हो, बुलढाणा जिल्ह्यात गांजाचा विषय काढला की कुणीतरी शेगावच्या महाराजांच्या चिलमीचा दाखला देतंच. त्यांना माझं हात जोडून एवढंच सांगणं: महाराजांचं उचलायचंच तर आधी वैराग्य उचला, उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाणं उचला. ते जमलं की मग चिलमीचं बोलू.

औषधांचाही एक शब्द. सर्दी झाली म्हणून नाक मोकळं करणारी गोळी घेऊन लोक पाण्यात उतरतात. उतरताना कान मोकळे असतात. खाली गोळीचा असर संपतो, नळी पुन्हा सुजते, आणि वर येताना कानात अडकलेली हवा बाहेर पडायला वाट मागते. बोटीची मळमळ थांबवणाऱ्या कित्येक गोळ्या झोप आणतात. ही काही व्यसनं नव्हेत. पण 'काय घेतलंय' हे प्रशिक्षकाला सांगणं इथेही तेवढंच गरजेचं, कारण दोर त्याच्या हातात आहे.

आता ठरलेल्या युक्तिवादांचा समाचार घेऊ.

एक: "तंबाखू आपली परंपरा आहे." कसली परंपरा? हे झाड अमेरिकेतलं. पोर्तुगीजांबरोबर इकडे आलं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला असद बेगने विजापूरहून तंबाखू नेऊन अकबराच्या दरबारात दाखवला तेव्हा तिथे ती नवलाची चीज होती. १६१७ साली जहांगीरने त्यावर बंदी घातली. आमच्या रोहिणखेडातली जुनी मशीद सोळाव्या शतकातली आहे. म्हणजे दिल्ली-आग्र्याच्या दरबाराला तंबाखू ठाऊक होण्याआधीच आमच्या गावाला इतिहास होता! परंपरा सांगायचीच तर बिनतंबाखूची सांगा, ती जास्त जुनी आहे.

दोन: "मोठमोठे शास्त्रज्ञसुद्धा ओढायचे." ओढायचे ना. जे. बी. एस. हाल्डेन हे त्यातले फार मोठे नाव. पाण्याखालच्या दाबाचे प्रयोग त्यांनी स्वतःच्या शरीरावर केले, पुढे ते भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. दाबाच्या प्रयोगांत कानाचे पडदे फाटण्याबद्दल त्यांनी गंमतीने लिहिलं होतं की पडद्याला भोक राहिलंच तर कानातून तंबाखूचा धूर काढून दाखवता येतो आणि चारचौघांत भाव मिळतो. विनोद म्हणून झकास. पण फाटलेल्या कानाचा असा विनोद करायला आधी हाल्डेन असावं लागतं.

तीन, आणि हा सगळ्यात फसवा: "उद्या स्कूबा आहे ना, मग आजचा दिवस बंद." एक दिवस बंद ठेवल्याने कार्बन मोनॉक्साइड बराचसा निघून जातो, हे खरं. तो चार-सहा तासांत निम्मा होतो. म्हणून अजिबात न थांबण्यापेक्षा एक दिवस थांबणं बरंच. पण बुजलेल्या नळ्या एका दिवसात मोकळ्या होत नाहीत. लुळे पडलेले झाडूवाले उठून कामाला लागायला आठवडे, महिने जातात. शिवाय निकोटीन तुटल्याची तगमग पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असते. म्हणजे चिडचिडा, अस्वस्थ, लक्ष नसलेला माणूस नेमका त्याच दिवशी पाण्यात उतरतो.

ही एक दिवस बंदची युक्ती आपल्याला नवी नाही. आपण श्रावण पाळणारी माणसं. महिनाभर बाटलीला हात नाही, आणि त्याची भरपाई गटारीला आगाऊ करून ठेवायची. नवरात्रात नऊ दिवस पुडी बंद, दसऱ्याला शुभमुहूर्तावर चालू. ऑपरेशन आहे, डॉक्टर ओरडले, महिनाभर बंद. टाके निघाले, चालू. यातून एक गोष्ट मात्र सिद्ध होते. "सुटतच नाही" हे खरं नाही. देवासाठी सुटतं, सर्जनसाठी सुटतं, समुद्रासाठी सुटतं. फक्त कायमचं सोडायला कुणी सोबत लागतं.

हाच माझा शेवटचा मुद्दा. व्यसन खासगी नाही, तसं ते सोडणंही खासगी नाही. आपल्याकडे कायमचं सोडण्याची एक जुनी, चांगली पद्धत आहे: माळ घालणे. पंढरीची माळ घातली की माणूस सोडतो, आणि पुष्कळदा सुटलेलं राहतं. माळेत काय जादू आहे? श्रद्धा आहेच. पण ती माळ गळ्यात दिसते. पानठेलेवाला बघतो आणि पुडी देताना विचारतो, "माळकरी ना तुम्ही?" सगळं गाव जोडीदार होतं. १९८६ साली पुण्यात अवचट दांपत्याने सुरू केलेल्या मुक्तांगणमध्येही घरच्यांना सोबत घेऊनच उपचार करतात. गडचिरोलीत २०१६ पासून चाललेल्या मुक्तिपथच्या कामातही दारू-तंबाखूबद्दल अख्खं गाव मिळून ठरवतं. जिथे म्हणून काही हाती लागलं, तिथे 'माझं मी बघून घेईन' म्हणणारा माणूस नव्हता. दोर धरणारा दुसरा कुणीतरी होता.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. मालवण-तारकर्लीच्या स्कूबावाल्यांनो, कागद मराठीत द्या. त्यात ओढता का एवढंच नको, खाता का, लावता का, तोंड पूर्ण उघडतं का, काल रात्री काय घेतलं, आज सकाळी कोणती गोळी घेतली, हेही विचारा. वय कितीही असो. आणि 'सगळीकडे नो लिहा' म्हणणाऱ्या पोराला टेबलावरून उठवा. 'हो' लिहिणाऱ्याला त्याचे पैसे परत करून बोटीतून फिरवून आणा, त्याचा जीव महाग आहे. सहलीला जाणाऱ्या माझ्या गाववाल्यांनो, खरं लिहा. तुमच्या मागे टाकी धरणारा मालवणी पोरगा कुणाचातरी मुलगा आहे, त्याला कळू द्या की तो कुणासोबत उतरतोय.

आणि रोहिणखेडात, उन्हाळ्यात गाळ काढायच्या वेळी, दोर धरणाऱ्याचं तोंड हुंगून बघायला लाजू नका. इंजिनाचा धूर निघून गेल्याशिवाय कुणाला उतरू देऊ नका, कंदील जळत असला तरी.

ज्यांना सोडायचं आहे त्यांच्यासाठी सरकारचा फुकटचा फोन आहे: १८००-११-२३५६. पण त्याआधी घरातल्या एकाला सांगा की मी सोडतोय. बायकोला, भावाला, मुलीला, ज्याच्याशी खोटं बोलायला जड जातं अशा कुणालाही. पहिल्या तीन दिवसांत तुम्ही त्याच्यावर ओरडाल. ओरडू द्यावं त्याने. दोर हाताला काचतोच.